आतल्या चिपचं नाव आम्हाला सांगा

भारतात लॅपटॉप विकणाऱ्या सर्व कंपन्यांच्या प्रमुखांना खुलं पत्र



मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. बारावीचे निकाल लागले, प्रवेशाच्या फेऱ्या आटोपल्या की आमच्याकडे लॅपटॉपखरेदीचा हंगाम सुरू होतो. पहिल्या वर्षाची मुलं आणि त्यांचे पालक विचारायला येतात. प्रश्न अगदी नेमका असतो : "मॅडम, लिनक्स नीट चालेल असा कुठला लॅपटॉप घ्यावा?" तांत्रिकदृष्ट्या याचं उत्तर अवघड नाही. तरी मला ते खात्रीने देता येत नाही, कारण त्यासाठी लागणारी माहिती तुमच्याकडे आहे आणि तुम्ही ती विकत घेणाऱ्याला सांगत नाही. म्हणून हे पत्र.

लिनक्स मागणारे म्हणजे चार हौशी लोक, असा समज असेल तर तो आधी दूर करते. आमच्या प्रयोगशाळेत सी भाषेचे प्रयोग लिनक्सवर होतात. ही मुलं उद्या ज्या सर्व्हरवर आणि क्लाउडवर काम करणार आहेत, तिथे बहुतांश लिनक्सच आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सशिवाय दुसरं काही नाही. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिहायला घेतलेला हा कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. पुण्यात रेड हॅट या लिनक्स कंपनीचं मोठं कार्यालय आहे. लिनक्सवर मराठी वाचायला वर्षानुवर्षं वापरले गेलेले लोहित फाँट रेड हॅटनेच खुले केले. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतून ऐकता येतात. म्हणजे शिकण्याची सोय आहे, पुढे नोकऱ्या आहेत आणि भाषेचीही अडचण नाही. अडतं ते दुकानाच्या काउंटरवर.

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर आणखी एक वर्ग यात आला. त्या दिवशी विंडोज १० ची नेहमीची मदत थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतो, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. त्याआधीची धडधाकट यंत्रं घरोघर आहेत. त्यांवर लिनक्स टाकून बघितलेला माणूस पुढचा लॅपटॉप घेताना हाच प्रश्न विचारणार.

आता मुद्द्याचं. लॅपटॉपवर लिनक्स चालेल की नाही हे झाकणावरच्या नावावरून ठरत नाही. ते आतल्या चार-पाच चिपवरून ठरतं : वायफाय, ग्राफिक्स, आवाज, कॅमेरा, बोटाचा ठसा घेणारा सेन्सर. तुमच्या खोक्यावर प्रोसेसरचं नाव ठळक असतं. रॅम किती, एसएसडी किती, पडदा किती इंची, तेही असतं. वायफायपुढे मात्र फक्त 'वायफाय ६' असं लिहिलेलं असतं. ते एका मानकाचं नाव झालं. त्या मानकाची चिप इंटेल बनवते, रिअलटेक बनवते, मीडियाटेकही बनवते. विंडोज वापरणाऱ्याला या तिघींतला फरक सहसा जाणवत नाही, कारण ड्रायव्हर तुम्हीच आत घालून दिलेला असतो. लिनक्सवाल्याला तो पहिल्या मिनिटाला जाणवतो.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण आमच्याकडे ते फार मुलांनी भोगलं. रिअलटेकची आरटीएल८८२१सीई ही वायफाय चिप काही वर्षांपूर्वी अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये असायची. एप्रिल २०२० मध्ये लिनक्सची उबुंटू २०.०४ ही आवृत्ती आली, ती ५.४ कर्नल घेऊन. या चिपचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आला तो ५.९ मध्ये, म्हणजे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. मधल्या काळात ज्याने ही चिप असलेला नवाकोरा लॅपटॉप घेऊन उबुंटू टाकली, त्याला वायफायच दिसत नव्हतं. ड्रायव्हर वेगळा उतरवून बसवता येत होता, पण उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी तो ड्रायव्हर हवा. मुलं मोबाइल यूएसबीने जोडून नेट घ्यायची, ड्रायव्हर बसवायची आणि पुढच्या वेळी कर्नल अद्ययावत झाला की पुन्हा काही जणांचं वायफाय गायब व्हायचं. लॉकडाऊनमध्ये वर्ग ऑनलाइन असताना हे चाललं होतं. त्याच किमतीच्या, त्याच प्रोसेसरच्या आणि इंटेलची वायफाय चिप असलेल्या लॅपटॉपवर लिनक्सचा पेनड्राइव्ह लावताक्षणी नेट सुरू व्हायचं. दोन यंत्रांतला हा फरक खोक्यावर एका ओळीत सांगता आला असता.

याहून वाईट गोष्ट अशी की मॉडेलचं नाव तेच असूनही आतली चिप बदलते. माझ्या वर्गातल्या दोघी मैत्रिणींनी एकाच दुकानातून, एकाच मॉडेलचे लॅपटॉप घेतले. एकीत एका कंपनीची वायफाय चिप निघाली, दुसरीत दुसऱ्या कंपनीची. पहिलीचं लिनक्स तासाभरात लागलं. दुसरीने दुकानदाराकडे यंत्र परत न्यायचं म्हटलं तर उत्तर मिळालं की विंडोजवर वायफाय चालतंय, म्हणजे दोष नाही, म्हणजे परत नाही. दुकानदाराचंही काही चुकलं नव्हतं, त्यालाही आत काय आहे ते माहीत नव्हतं. त्या मुलीने मग कुणाच्या सांगण्यावरून विकत घ्यायचं होतं?

सुटे भाग पुरवठ्याप्रमाणे बदलावे लागतात, हे तुमचं म्हणणं मला ठाऊक आहे आणि ते खरंही आहे. पण प्रत्येक खोक्यावर तुम्ही त्या एकाच यंत्राचा अनुक्रमांक असलेला स्टिकर चिकटवता. त्या यंत्रात कुठला भाग गेला याची नोंद तुमच्या कारखान्यात असते, नाहीतर दुरुस्तीच्या वेळी योग्य सुटा भाग मागवताच आला नसता. त्याच स्टिकरवर आणखी एक ओळ मावते.

हे व्यापारी गुपित आहे असंही म्हणता येणार नाही. लॅपटॉप विकत घेतल्यावर लिनक्सच्या एक-दोन साध्या आज्ञांनी बहुतेक चिपचं नाव आणि क्रमांक पडद्यावर येतो. विकत घेतल्यानंतर जे उघड आहे ते विकत घेण्याआधी झाकून कुणाचा फायदा होतो? सरकारला तर तुम्ही ते आधीच सांगितलेलं असतं. वायफायचा भाग भारतात विकायचा तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मंजुरी लागते, आणि बऱ्याच लॅपटॉपच्या तळाशी तो ईटीए क्रमांक बारीक अक्षरात छापलेलाही असतो. औषधाच्या पट्टीवर ब्रँडबरोबर मूळ औषधाचं नाव असतंच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला देतो. चाळीस-पन्नास हजारांच्या यंत्रात कुठली वायफाय चिप आहे हे या हक्काच्या बाहेर का असावं, हे मला समजत नाही.

तुमच्यातल्या ज्या कंपन्या सर्व्हर विकतात त्यांची माहितीपत्रकं मी वाचली आहेत. नेटवर्क कार्ड कोणतं, स्टोरेज कंट्रोलर कोणता, रेड हॅट, सुसे आणि उबुंटूच्या कुठल्या आवृत्तीवर ते प्रमाणित आहे, सगळं नावानिशी दिलेलं असतं. बँक आणि दूरसंचार कंपनी हे विचारल्याशिवाय घेत नाही, म्हणून तुम्ही सांगता. कराडचा विद्यार्थी एकटा येतो, म्हणून त्याला सांगत नाही. यापलीकडे दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

आवाजाच्या बाबतीत प्रश्न नाव छापण्याच्या पुढे जातो. अलीकडच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये स्पीकरसाठी सिरस लॉजिकची सीएस३५एल४१ ही अॅम्प्लिफायर चिप असते. तिचा लिनक्स ड्रायव्हर खुद्द सिरस लॉजिकच्या अभियंत्यांनी लिहून कर्नलमध्ये दिला. तरीही कित्येक मॉडेलचे स्पीकर लिनक्सवर मुके राहिले. कारण ती चिप त्या विशिष्ट यंत्रात कशी जोडली आहे हे बायोसमधल्या तक्त्यात लिहिलेलं असावं लागतं, आणि काही मॉडेलच्या बायोसमध्ये ते लिहिलेलंच नव्हतं. शेवटी कर्नलमध्येच मॉडेलवार यादी करून ती माहिती भरावी लागली. हेडफोन लावला की आवाज येतो, स्पीकर मात्र गप्प. मुलाला वाटतं लिनक्स वाईट. खरं तर कामाचा एक भाग लॅपटॉप बनवणाऱ्याकडूनच अर्धवट राहिलेला असतो, आणि त्याचा दोष येतो लिनक्सच्या माथी.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. इंटेलच्या आयपीयू६ या पद्धतीचा कॅमेरा असलेल्या काही महागड्या लॅपटॉपवर लिनक्समध्ये व्हिडिओ कॉल करणं बराच काळ दुरापास्त होतं. त्याच्या ड्रायव्हरचा मुख्य भाग मूळ कर्नलमध्ये आला २०२४ साली. बोटाच्या ठशाचे काही सेन्सर चालतात, काही अजिबात चालत नाहीत. कारखान्यातून काही लॅपटॉपची डिस्क इंटेलच्या आरएसटी पद्धतीत लावून येते, तेव्हा लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. बायोसमध्ये जाऊन ते बदलावं लागतं, आणि हे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. एनव्हिडियाच्या ग्राफिक्सचा जाच मे २०२२ मध्ये त्या कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केल्यापासून कमी झाला आहे, पण दोन ग्राफिक्स चिप असलेल्या यंत्रात बॅटरी लवकर संपण्याची तक्रार मी आजही ऐकते.

फ्रीडॉसबद्दल मात्र थांबून बोलावं लागेल, कारण इथे पालकांची सरळसरळ दिशाभूल होते. विंडोजशिवायचा, 'डॉस'वाला लॅपटॉप काही हजारांनी स्वस्त मिळतो. पालकांना वाटतं, विंडोज नाही म्हणजे हा लिनक्ससाठीच बनवलाय. दुकानदारही तसंच सांगतो. फ्रीडॉस हा १९९४ मध्ये सुरू झालेला प्रामाणिक प्रकल्प आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुमच्या लॅपटॉपमध्ये तो केवळ डिस्क रिकामी दिसू नये म्हणून असतो, त्यात रोजचं काम होईल अशी कुणाची अपेक्षाच नसते. त्या यंत्रावर लिनक्स चालतं का, हे तपासल्याचं त्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. विंडोज नसलेलं यंत्र तुम्ही विकता तेव्हा घेणारा त्यावर दुसरं काहीतरी टाकणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. मग विक्रीला काढण्यापूर्वी त्यावर एकदा उबुंटू आणि एकदा फेडोरा टाकून बघा. जे चालत नाही ते खोक्यावर लिहा. 'बोटाचा ठसा लिनक्सवर चालत नाही' असं लिहिलेलं यंत्र मी आनंदाने सुचवेन, कारण निदान ते खरं सांगतं.

हे अशक्य नाही हे तुमच्यातल्याच काहींनी दाखवून दिलं आहे. डेलने २०१२ मध्ये स्पुटनिक नावाचा छोटा प्रकल्प काढून एक्सपीएस १३ हा लॅपटॉप उबुंटूसह विकायला घेतला. लेनोवोने २०२० मध्ये काही थिंकपॅड फेडोरासह देऊ केले आणि त्यासाठी लागणारे बदल मूळ कर्नलकडे पाठवले. बायोस अद्ययावत करायला पूर्वी विंडोज लागायचं. रिचर्ड ह्यूज यांनी उभ्या केलेल्या एलव्हीएफएस या सेवेमुळे आता ते लिनक्समधूनच होतं आणि डेल, लेनोवो त्यावर आपलं फर्मवेअर देतात. यासाठी मी त्यांचे आभार मानते. पण हा सगळा मान बहुतेक वेळा महागड्या, कार्यालयीन मालिकांना मिळतो. विद्यार्थी घेतो त्या स्वस्त मालिकेला तो मिळत नाही. हा भेद मला मान्य नाही.

वॉरंटीचंही एकदा स्पष्ट करा. माझ्या एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपचा बिजागरीजवळचा भाग तुटला. सेवा केंद्रात सांगितलं, "लिनक्स टाकलंय, आधी विंडोज टाकून आणा." बिजागरीचा आणि कार्यप्रणालीचा काय संबंध? दुसरी कार्यप्रणाली टाकल्याने यंत्राच्या भागांची वॉरंटी जात नाही, हे एक वाक्य वॉरंटीच्या कागदावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापा. सेवा केंद्रातल्या मुलांनाही ते लेखी द्या, म्हणजे त्यांनाही वाद घालावा लागणार नाही.

हे पत्र पालक आणि विद्यार्थीही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. कंपन्या सांगेपर्यंत आपणच विचारायचं. ग्राफिक्स इंटेलचं किंवा एएमडीचं अंगभूत असेल तर निर्धास्त राहा, त्यांचे ड्रायव्हर मूळ कर्नलमध्येच असतात. गेम किंवा मशीन लर्निंगचं ठरलेलं काम नसेल तर एनव्हिडियासाठी जास्तीचे पैसे घालू नका. वायफाय इंटेलचं मिळालं तर उत्तम. रिअलटेक आणि मीडियाटेकची बरीच कार्डं आता चालतात, पण चिपचा नेमका क्रमांक कळल्याशिवाय पैसे देऊ नका. वायफाय कार्ड सुटं आहे की मदरबोर्डवर डाकलेलं, हेही विचारा, सुटं असेल तर पुढे बदलता येतं. बाजारात कालच आलेलं मॉडेल घेऊ नका. सहा महिने ते वर्षभर जुनं मॉडेल घेतलं तर तोवर कर्नलने त्याला सामावून घेतलेलं असतं. उबुंटूवर प्रमाणित केलेल्या लॅपटॉपची यादी ती बनवणारी कॅनॉनिकल कंपनी प्रसिद्ध करते. तीत बघताना मॉडेलचं पूर्ण नाव, मागची अक्षरं-आकडे धरून, जुळवा. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे लॅपटॉप लिनक्ससाठी अजून तयार नाहीत. टक्सेडो ही जर्मन कंपनी खास लिनक्ससाठीचे लॅपटॉप विकते. तिनेही स्नॅपड्रॅगन एक्स एलिटवरच्या लॅपटॉपचा आपला प्रकल्प २०२५ च्या नोव्हेंबरात थांबवला. अॅपलच्या एम१ आणि एम२ चिपवर लिनक्स चालवण्यासाठी 'असाही लिनक्स' या प्रकल्पाने थक्क करणारं काम केलंय, पण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने त्या वाटेला जाऊ नये.

आणि पैसे कमी असतील तर माझा सल्ला ठाम आहे : नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा कंपन्यांच्या वापरातून बाहेर पडलेला थिंकपॅड, लॅटिट्यूड किंवा एलिटबुक घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात, कोल्हापुरात, सगळीकडे मिळतात. बॅटरी बदलावी लागेल असं धरून चाला. हे विकणारे बहुतेकदा पेनड्राइव्ह लावून बघू देतात. लिनक्स पेनड्राइव्हवरूनच सुरू करा. वायफाय जोडा, स्पीकरवर गाणं लावा, कॅमेरा उघडा, झाकण बंद करून दहा मिनिटांनी उघडून बघा. हे चारही जमलं तर यंत्र घ्या. नव्या लॅपटॉपच्या दुकानात हे करू देत नाहीत, आणि खरं तर तिथेच करू द्यायला हवं.

पुन्हा तुमच्याकडे वळते. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने लॅपटॉप आणि तत्सम उत्पादनांसाठी १७,००० कोटी रुपयांची उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजना मंजूर केली. तो पैसा लोकांचा आहे. सरकारने स्वतःच्या कामात मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण २०१५ मध्येच स्वीकारलं आहे. केरळच्या शाळांमधले संगणक लिनक्सवर चालतात. अशा देशात लॅपटॉप बनवून विकणाऱ्या कंपनीने 'लिनक्सवर चालतो का' या प्रश्नाला कॉल सेंटरवरून 'आम्ही फक्त विंडोजला मदत देतो' असं उत्तर देणं शोभत नाही. मदत देऊ नका हवं तर. माहिती द्या. लिनक्सचं पुढचं काम करणारे लोक या देशात भरपूर आहेत, त्यातले काही मीच शिकवलेले आहेत.

पुढच्या जूनच्या आत प्रत्येक खोक्यावरच्या स्टिकरवर वायफाय, ग्राफिक्स, आवाज, कॅमेरा आणि बोटाच्या ठशाच्या सेन्सरची चिप कुठल्या कंपनीची आणि कुठल्या क्रमांकाची, एवढं छापा. तीच माहिती अनुक्रमांक टाकल्यावर तुमच्या संकेतस्थळावर दिसू द्या. आणि सुरुवात सर्वांत स्वस्त मॉडेलपासून करा. लाखाचा लॅपटॉप घेणाऱ्याला सल्ला देणारे पुष्कळ असतात, पंचवीस-तीस हजार जमवून आलेल्या मुलाला खोक्यावर लिहिलंय तेवढंच कळतं.

कळावे,

आपली,
संगणकशास्त्राची एक शिक्षिका